स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल : बदलावे की तसेच राहू द्यावे?

रायपूर शहरातील बूढापारा ही जुनी वस्ती. बूढा तलावाच्या, म्हणजेच आजच्या विवेकानंद सरोवराच्या काठची. इ. स. १८७७ मध्ये किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, पुढील काळातील स्वामी विवेकानंद, कुटुंबासह रायपूरला आले ते याच परिसरात राहिले. रायपूरपर्यंत तेव्हा लोहमार्ग पोहोचलेला नव्हता; प्रवासाचा शेवटचा मोठा टप्पा त्यांना बैलगाडीने पार करावा लागला. आज त्याच गल्ल्यांतून मोटारींना वाट काढावी लागते. सदर बाजाराकडील गर्दी, मध्येच थांबणाऱ्या रिक्षा, दर वीस पावलांवर ब्रेक, आणि मे महिन्यात ४२ ते ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा. अशा रस्त्यावर डावा पाय क्लचवर ठेवून गाडी चालविणे तरुणांनाही नकोसे होते. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या ज्येष्ठांना तर ते अशक्यच. म्हणूनच मध्य भारतातील अनेक मध्यमवर्गीय घरांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्वयंचलित गिअरची छोटी मोटार घेतली. रायपूरमधील मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत.

त्या मोटारी आता जुन्या झाल्या आहेत. कर्ज केव्हाच फिटले. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा शाबूत आहे, आणि नागपूरचा सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास दिवाळी-लग्नकार्याला अजूनही याच गाडीने होतो. मात्र एखाद्या दिवशी मालकाच्या ध्यानात येते की, इंजिनाचे तेल दर वर्षी बदलले गेले, पण स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल एकदाही बदललेले नाही. गल्लीच्या टोकाला असलेल्या मिस्त्रीला विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : "बाबूजी, चल रही है तो चलने दीजिए." तेल बदलले आणि आठ दिवसांत गिअरबॉक्स बसला, अशा दोन-तीन कथाही तो सोबत ऐकवतो. दुसरीकडे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका तेल बदलण्यास सांगते. काही पुस्तिका तर हे तेल 'आयुष्यभर पुरणारे' असल्याचे म्हणतात. तिघांपैकी खरे कोणाचे मानावे? प्रश्न खर्चाचा आहेच. गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचा आकडा पुष्कळदा जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो, आणि गाडी दारातून कायमची हलते. सर्वसाधारण मोटार विम्यात झीज व यांत्रिक बिघाड यांना संरक्षण नसते, त्यामुळे हा खर्च संपूर्णपणे मालकाच्या खिशातूनच होतो.

तेल नेमके करते काय?

इंजिनाचे तेल मुख्यतः वंगण म्हणून काम करते. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाचे काम त्याहून फार मोठे आहे. इंजिन व गिअर यांच्यामध्ये येथे पायाने दाबावयाचा क्लच नसतो. त्याऐवजी 'टॉर्क कन्व्हर्टर' नावाचे डोणग्यासारखे बंद भांडे असते. त्याच्या आत समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिनाने फिरणारा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या झोताने समोरचा पंखा फिरतो. दोहोंच्या मध्ये असलेला तिसरा, छोटा पंखा परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतो. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले, ते मोटारींसाठी नव्हे तर जहाजांच्या टर्बाइनसाठी. मोटारींत पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला तो १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांमधून.

थोडक्यात, गाडी पुढे जाते ती तेलाच्या माध्यमातून. शिवाय गिअर बदलण्याचा हुकूमही तेलाच्या दाबानेच अमलात येतो. बारीक वाटांच्या जाळ्यातून दाब योग्य ठिकाणी पोहोचतो, तेथील क्लचप्लेटा आवळल्या जातात आणि गिअर पडतो. या प्लेटा तेलातच बुडालेल्या असतात. त्यांनी घसरावे किती आणि पकडावे केव्हा, हे तेलात मिसळलेली रसायने ठरवितात. तेच तेल उष्णता वाहून नेते, तेच दातेरी चाकांना वंगण पुरविते. एकाच द्रवाकडून घसरण्याची आणि पकडण्याची अशी परस्परविरोधी कामे करून घ्यावयाची असल्याने हे तेल बनविणे कठीण आणि म्हणून महाग असते. जुन्या काळी या कामासाठी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल त्यात मिसळीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत त्यावर बंदी आली, तेव्हा पर्यायी रसायने शोधताना तेल कंपन्यांची बरीच धावपळ झाली.

'आयुष्यभर' म्हणजे कोणाचे आयुष्य?

हे तेल इंजिनाच्या तेलाप्रमाणे धुराने व काजळीने काळे होत नाही, हे खरे. त्याचा शत्रू उष्णता. सुमारे ८० अंश सेल्सिअस हे त्याचे सुखाचे तापमान. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांनी तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक स्थूल व्यावहारिक नियम आहे. मोकळ्या महामार्गावर वारा मिळतो, टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन्ही पंखे जवळजवळ एकाच वेगाने फिरतात आणि तेल थंड राहते. बाजारातील रांगेत मात्र एक पंखा फिरतो, दुसरा अडतो, मधले तेल घुसळले जाते आणि तापते. वाहन पुस्तिकेत 'कठीण परिस्थिती' असा एक बारीक अक्षरांतला परिच्छेद असतो : तीव्र उन्हाळा, धूळ, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, वारंवार छोट्या फेऱ्या. युरोप-अमेरिकेत हा अपवाद असेल; रायपूर, नागपूर किंवा पुण्यातील गाडीसाठी हाच नियम होय. अशा वापरासाठी अनेक निर्माते सुमारे ४०,000 ते ६०,000 किलोमीटरला तेल बदलण्यास सांगतात. 'आयुष्यभर पुरणारे' हा शब्दप्रयोग निर्मात्याच्या दृष्टीने हमीच्या मुदतीशी आणि गाडीच्या अपेक्षित आयुष्याशी बांधलेला असतो. गाडी पंधरा वर्षे वापरून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करणाऱ्या भारतीय कुटुंबाचा त्यात विचार नसतो.

मिस्त्रीच्या कथेत तथ्य किती?

मिस्त्रीची भीती निराधार नाही, तिचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. ज्या गाडीत गिअर पडताना इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, 'डी' किंवा 'आर' लावल्यावर दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही आणि मग धक्का बसतो, त्या गाडीच्या क्लचप्लेटा आधीच झिजलेल्या असतात. प्लेटांवरून निघालेली भुकटी जुन्या तेलात तरंगत असते. नवे तेल घातले की ती निघून जाते, साचलेला चिकट थर सुटू लागतो आणि झिजेचे खरे रूप उघडे पडते. मालक म्हणतो, तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स गेला. वास्तविक तो जातच होता. बहुतेक मालक तेलाकडे वळतात तेच मुळी त्रास सुरू झाल्यावर, त्यामुळे दोष शेवटी ज्याने हात लावला त्याच्या माथी येतो.

यातून निर्णयाची वाट बरीच स्पष्ट होते. गाडी आजही गिअर सहज बदलत असेल, तर तेल न बदलणे हा धोका आहे. ते बदलावे, पण सावकाश. गाडी घसरू लागली असेल, तर नव्या तेलाने ती बरी होईल अशी आशा धरू नये; आधी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दुरुस्तीचा अंदाज हाती आल्यावरच पैसे गुंतवावेत. मधल्या अवस्थेतील गाड्यांविषयी, जेथे कधीमधी एखादा धक्का जाणवतो, कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेथे तेलाचीच साक्ष काढावी लागते.

साक्ष काढण्याची रीत सोपी आहे. ज्या गाडीत डिपस्टिक आहे, तिच्यावरील एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकावा. नवे तेल बहुधा लाल असते. इंजिनाच्या तेलापासून गळती वेगळी ओळखता यावी म्हणून त्याला मुद्दाम रंग दिलेला असतो. (काही नव्या तेलांचा रंग हिरवट वा पिवळसरही असतो.) थेंब पसरून तपकिरी-लाल डाग पडला तर तेल जुने आहे, पण काम करीत आहे. थेंब पसरत नाही, काळपट आहे आणि जळका वास येतो, तर प्लेटा भाजल्या आहेत असे समजावे. तेल गुलाबी दुधासारखे दिसले, तर रेडिएटरमधील पाणी गिअरबॉक्समध्ये शिरले आहे. अशा स्थितीत गाडी त्याच क्षणी बंद करावी; घरापर्यंत चालवीत नेण्याचा मोह टाळावा.

आधी गिअरबॉक्स ओळखावा

क्लचचे पेडल नसले की ती 'ऑटोमॅटिक', एवढ्यावर बाजारात काम भागते. तेल बदलताना भागत नाही. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर लोकप्रिय झालेला 'एएमटी' हा मुळात साधाच गिअरबॉक्स आहे. त्याचा क्लच माणसाच्या पायाऐवजी यंत्र दाबते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, आणि त्याला साधे गिअर ऑइल लागते. 'सीव्हीटी' प्रकारात दातेरी गिअरांऐवजी कप्प्यांवर चालणारा धातूचा पट्टा असतो. त्याचे तेल स्वतंत्र, आणि तेथे दुसरे तेल घातल्यास पट्टा घसरून कप्प्यांवर ओरखडे पडतात. दोन क्लचच्या 'डीसीटी' गाड्यांचे नियम आणखी निराळे. प्रस्तुत लेखातील विवेचन टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांपुरतेच आहे. ह्युंदाई आय-टेन, मारुती ए-स्टार व एसएक्स-फोर यांच्या जुन्या स्वयंचलित आवृत्त्या या वर्गात मोडतात. होंडा सिटीच्या बाबतीत सावध राहावे. तिच्या एका पिढीत सीव्हीटी, पुढच्या पिढीत टॉर्क कन्व्हर्टर आणि त्यानंतर २०१४ पासून पुन्हा सीव्हीटी, असा क्रम आहे.

तेलाचा प्रकार पुस्तिकेतच पाहावा. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या गाड्यांना 'एसपी-थ्री' लागते; नंतरच्या सहा गिअरच्या गाड्यांसाठी 'एसपी-फोर' आहे आणि एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. टोयोटाची 'टी-फोर' व 'डब्ल्यूएस' ही तेलेही परस्परांत मिसळावयाची नाहीत. होंडाने मात्र आपल्या जुन्या 'झेड-वन' तेलाच्या जागी 'डीडब्ल्यू-वन' वापरण्यास स्वतःच मान्यता दिली आहे. सर्व गाड्यांना चालते असे सांगून डब्यावर वीस नावे छापलेले तेल दुकानदार पुढे करतो. चांगल्या कंपनीचे असेल तर ते निकामी नसतेही. पण जुन्या, आजवर तेल न बदललेल्या गाडीत प्रयोगाला वाव कमी असतो, आणि वाचणारी रक्कम काही शेकड्यांची असते.

घटत्या शिलकीचे गणित

खालचा बोल्ट काढला की सगळे तेल बाहेर येते, हा समज चुकीचा आहे. टॉर्क कन्व्हर्टर आणि थंड करणाऱ्या नळ्यांमधील तेल आतच राहते. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच तेल निघते. बँकेच्या ग्राहकाला हे गणित परिचयाचे आहे, कारण ते घटत्या शिलकीचे आहे. समजा, एकूण ६ लिटर तेलापैकी ३ लिटर निघते. ३ लिटर नवे घातल्यावर आत निम्मे नवे, निम्मे जुने. दुसऱ्या वेळी निघणाऱ्या ३ लिटरमध्ये निम्मे नवेच तेल वाहून जाते. जुने उरते २५ टक्के. तिसऱ्या वेळेनंतर ते साडेबारा टक्क्यांवर येते. एकूण ८ लिटरपैकी ३ लिटरच निघत असतील, तर तीन वेळांनंतरही सुमारे २४ टक्के जुने तेल शिल्लक राहते. चौथ्या-पाचव्या वेळेचा लाभ झपाट्याने कमी होतो, खर्च मात्र तोच. म्हणून तीन वेळा, दोन बदलांमध्ये पाचशे ते हजार किलोमीटर अंतर ठेवून, हे बहुतेक जुन्या गाड्यांसाठी पुरेसे आहे. या सावकाशीचा दुसरा फायदा असा की आतील चिकट थर एकदम न सुटता हळूहळू सुटतो. यंत्र लावून एका बैठकीत सर्व तेल बदलून देणारी केंद्रेही आहेत. नियमित देखभाल झालेल्या गाडीला त्यापासून अपाय नाही. पण एक लाख किलोमीटर तेच तेल वागविलेल्या गाडीला, विशेषतः तेल दाबाने ढकलणाऱ्या यंत्राला, जोडू नये.

प्रत्यक्ष काम गॅरेजमध्ये होत असले तरी मालकाने जवळ उभे राहावे आणि चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, तेल भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा, मगच खालचा बोल्ट काढावा. क्रम उलटला आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी गॅरेजमध्येच अडकून पडते. दुसरी, खालचा बोल्ट गिअरबॉक्सचाच आहे, इंजिनाचा नव्हे, याची खात्री करावी. ही चूक हास्यास्पद वाटते खरी, पण चांगल्या गॅरेजांतही ती घडते : इंजिनाचे तेल बदलावयाचे म्हणून गिअरबॉक्स रिकामा होतो, इंजिनात दुप्पट तेल भरले जाते आणि गाडी दहा मिनिटांत दोन्हीकडून धोक्यात येते. तिसरी, गाडी केवळ जॅकवर उचलून कोणी तिच्याखाली शिरता कामा नये. भक्कम स्टँड लावलेच पाहिजेत. जॅक निसटून माणसे दगावतात.

चौथी गोष्ट मोजमापाची. निघालेले तेल खुणा असलेल्या भांड्यात मोजावे आणि गळती नसेल तर तेवढेच नवे तेल स्वच्छ नरसाळ्याने भरावे. कमी तेलाने पंप हवा ओढतो. जास्त तेल फिरणाऱ्या भागांना लागून त्याचा फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, क्लचप्लेटा घसरतात. त्यानंतर इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक स्थानी काही सेकंद ठेवावा आणि तेल गरम झाल्यावर पातळी पाहावी. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू असताना पाहतात. होंडाच्या कित्येक गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत. डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत ठरावीक तापमानाला बाजूच्या छिद्रातून तेल ओघळते की नाही, यावरून पातळी ठरते. ते काम तापमान दाखविणारे उपकरण असलेल्या गॅरेजमध्येच करावे.

बोल्टला किंवा तळाच्या चेंबरला लोहचुंबक असेल, तर तो पुसण्याआधी मालकाने स्वतः पाहावा. त्यावर राखाडी लेपासारखी बारीक भुकटी असणे ही वयोमानाची झीज होय, घाबरण्याचे कारण नाही. बोटाला टोचतील असे कण वा चकत्या आढळल्या, तर मात्र पुढील दोन बदलांचा खर्च थांबवून तपासणीकडे वळावे. चेंबर उघडून बदलता येण्याजोगी जाळी असेल, तर तीही पहिल्याच वेळी बदलावी. बोल्टखालचा मऊ धातूचा वॉशर दर वेळी नवा घालावा. त्याची किंमत नगण्य, आणि जुन्या वॉशरमधून होणारी गळती महिनोन् महिने ध्यानात येत नाही.

पहिल्या बदलानंतर काही दिवस गिअर पडण्याची लय थोडी बदललेली जाणवू शकते. अनेक गाड्यांतील संगणक जुन्या तेलाच्या स्वभावाशी जुळवून घेतलेला असतो. नव्याशी जुळायला त्याला थोडा अवधी लागतो. एवढ्यावरून गॅरेजशी वाद घालू नये. घसरणे किंवा उशिरा पकडणे वाढतच गेले, तर मात्र थांबावे. गाडी रस्त्यात बंद पडलीच तर पुढची चाके जमिनीवर ठेवून ती दोरीने ओढीत नेऊ नये, कारण गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतील भाग वंगणाविना घासले जातात. गाडी ट्रकवर चढवून किंवा पुढची चाके उचलूनच न्यावी.

तिन्ही बदलांची तारीख, किलोमीटर, तेलाचे नाव व लिटर यांची नोंद करून बिले नोंदणी प्रमाणपत्र व विमा पत्राच्या फाइलमध्येच ठेवावीत. पुढे गाडी विकावयाची झाल्यास जुनी 'ऑटोमॅटिक' घेण्यास कचरणारा ग्राहक प्रथम हेच कागद मागतो. नऊ-दहा लिटर जुने तेल शेवटी उरते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात वा नाल्यात ओतू नये, शेजारच्या इस्त्रीवाल्याला चुलीसाठीही देऊ नये. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत ते परत भरून, वापरलेले तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सेवा केंद्राकडे पोहोचवावे. बूढापाऱ्यातील घराच्या दारात सांडलेल्या तेलाला पहिल्या पावसात तलाव गाठायला फारसे अंतर कापावे लागत नाही.